सातबारा आमचा, मेहनत वाटेकऱ्याची : कांद्याचं अनुदान कोणाचं?

मधल्या_आळीचा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. घरात वाद पेटलाय, चार लोकांचं ऐकावं म्हणून लिहितो.

चांदवड तालुक्यात आमची साडेचार एकर. मी पुण्यात नोकरीला. तात्या (वडील) ७१ वर्षांचे. गुडघे गेल्यापासून जमीन निम्म्या वाट्यानं दिलीय. वाटेकरी सुरगाण्याकडचा, आठ वर्षं बायकापोरांसह मळ्यातच राहतो. जमीन-पाणी आमचं, मेहनत त्याची, रोप-खत-औषध निम्मं निम्मं, आणि माल विकला की पट्टीचे (विक्रीच्या पावतीचे) पैसे निम्मे निम्मे. कागद कसलाच नाही, सगळं तोंडी.

२०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल कांदा कसा मातीमोल गेला ते इथं सांगायला नको. त्यावर सरकारनं क्विंटलला ३५० रुपये अनुदान दिलं, शेतकऱ्याला २०० क्विंटलपर्यंत. आमच्या पट्ट्या १८० क्विंटलच्या निघाल्या, सगळ्या तात्यांच्या नावावर. म्हणजे ६३ हजार. पहिले १० हजार गणपतीच्या आधी आले, बाकीचे रखडत, तुकड्यातुकड्यानं. जसे आले तसे मोटर भरण्यात नि दवाखान्यात गेले. वाटेकऱ्याला त्यातलं काही दिलं नाही. त्यानंही मागितलं नाही.

आता पाडव्याला पुढच्या सालाचं ठरायचंय, तर परवा त्यानं हळूच विचारलं, "तात्या, त्या कांद्याच्या सरकारी पैशात माझा वाटा नव्हता का?" केंद्राच्या पीएम किसान आणि राज्याच्या नमो योजनेचे मिळून वर्षाला १२ हजार येतात, त्याचाही विषय निघाला. तात्यांचं एकच: "अनुदान जमिनीचं असतं आणि जमीन माझी आहे." आई म्हणते देऊन टाका. मला दोघांचं पटतं, हीच पंचाईत.

तुमच्याकडे काय रीत आहे?

बांध_कोरणारा

मी पहिला. भुईमुगाच्या शेंगा घेऊन बसलोय.

निफाडची_लेक

यात पंचाईत कसली? पट्टी निम्मी वाटली ना? मग ३५० रुपये म्हणजे त्याच पट्टीचा उरलेला तुकडा, बाजारानं दिला नाही म्हणून सरकारनं दिलेला. ३१ हजार ५०० त्याचे. दोन वर्षं वापरलेत, व्याज मागत नाही हे नशीब समजा.

दादा_येवलेकर

लेकीचा गणिताचा तास झाला, आता व्यवहाराचं बोलू. सोसायटीचं कर्ज कोणाच्या नावावर? तात्यांच्या. अर्ज घेऊन बाजार समितीच्या रांगेत कोण उभं राहिलं? तात्या. सातबाऱ्यावर कांद्याची नोंद नाही म्हणून तलाठ्याकडे खेटे कोणी घातले? दुखरे गुडघे घेऊन तात्यांनीच. कांदा बुडाला तर वाटेकरी दुसऱ्याच्या मळ्यात जाईल, तात्या कुठं जाणार?

आणि एक सांगून ठेवतो. भावनेच्या भरात 'अनुदानाचा निम्मा वाटा दिला' असं कागदावर लिहून देऊ नका. उद्या तोच कागद कुळाचा पुरावा म्हणून समोर येईल. आमच्या आजोबांची सहा एकर अशीच गेली.

निफाडची_लेक

दादा, मजूर लावून कांदा काढला असता तर मजुरी रोख मोजावी लागली असती, कांदा बुडो की तरो. इथं बाप्यानं चार महिने बिनमजुरीनं काम केलं. बुडाला तेव्हा त्याचं निम्मं बुडालंच की.

निवृत्त_भाऊसाहेब

महसुलात ३१ वर्षं काढली, त्यातली बरीच तलाठी म्हणून. थोडं नियमाचं सांगतो, मग भांडा.

ते अनुदान १ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२३ या काळात विकलेल्या कांद्याला होतं. अर्जाबरोबर विक्रीपट्टी, सातबारा आणि बँक पासबुक. आधी अट अशी की ई-पीक पाहणीत कांदा लागलेला हवा. ते ॲप २०२१ च्या १५ ऑगस्टला आलं, तेव्हापासून पीकपेरा शेतकऱ्यानं स्वतः नोंदवायचा. नोंदवतो कोण? रेंज नाही, फोन नातवाकडे, नातू नाशकात. हजारो अर्ज अडकले, मग गावपातळीवर समित्या नेमून पाहणीअंती दाखले द्यायचं ठरलं.

आता या धाग्याशी संबंधित गोष्ट. सातबारा बापाचा आणि पट्टी मुलाच्या नावावर, अशी प्रकरणं ढिगानं आली. त्यावर तोडगा निघाला : दोघांच्या सहमतीचं शपथपत्र घ्या आणि सातबारावाल्याच्या खात्यात पैसे टाका. म्हणजे विकणारा नि मालक वेगळे असू शकतात, हे सरकारला दिसत होतं. घरातल्या घरात असेल तर त्याला वाट काढून दिली. वाटेकऱ्यासाठी मात्र कसलाच रकाना नव्हता.

पीएम किसानचं वेगळं. ती योजना सरळ जमिनीच्या मालकीवर आहे. १ फेब्रुवारी २०१९ ला नाव नोंदलेलं हवं, नंतर खरेदी केलेल्याला नाही, वारसानं आलेल्याला मिळते. घरात कोणी आयकर भरणारं किंवा सरकारी नोकर असेल (चतुर्थ श्रेणी सोडून) तर बाद. धागाकर्ते, तुम्ही आयकर भरत असाल तरी घाबरू नका. तिथं कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. तुम्ही दिसायला अज्ञान असलात तरी वयानं नाही.

बांध_कोरणारा

भाऊसाहेब, शेवटच्या वाक्याला शेंगा घशात अडकल्या.

सासरची_शेती

वाटेकऱ्याचं बोलताय म्हणून माझंही सांगते. सिन्नर तालुका. सातबारा सासऱ्यांचा, नवरा अंबडला कंपनीत, शेती मी बघते. रोप टाकण्यापासून गोण्या भरण्यापर्यंत. ई-पीक पाहणीचे फोटोसुद्धा मीच बांधावर उभी राहून काढते. पैसे सासऱ्यांच्या खात्यात. मी वाटेकरीण पण नाही, मला वाटा कोण विचारतो.

आणि गंमत बघा. नावावर जमीन नाही म्हणून मला लाडकी बहीणचे १५०० येतात. शेजारच्या वहिनींच्या नावावर दीड एकर आहे, त्यांना पीएम किसान-नमो मिळतं म्हणून लाडकी बहीणचे ५००च. आमच्याकडे आता बायका म्हणतात, बरं झालं बाई नाव लावलं नाही.

घामाचे_दाम

सासरची शेती, ताई, तुमचा प्रतिसाद वाचून वाईट वाटलं. आम्ही शेतकरी संघटनेचे बिल्लेवाले शरद जोशींच्या शब्दावर लक्ष्मीमुक्तीसाठी गावोगाव हिंडलो होतो, बायकोच्या नावावर जमीन करा म्हणत. माझ्या घरात केली. गावात मात्र मोजून अकरा जणांनी.

बाकी धाग्याचा विषयच मला पटत नाही. ६३ हजारांवरून घरात भांडण लावलं, यातच सरकार जिंकलं. घोषणा आठवा : भीक नको, हवे घामाचे दाम. १९८० ला चाकणच्या नि नाशिकच्या रस्त्यावर बसलो ते अनुदानासाठी नाही, भावासाठी. आता हिशोब करा. ते ३५० हातात पडायच्या आधीच ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य. डिसेंबरात थेट बंदी, ती उठली २०२४ च्या मे महिन्यात, तीही ४० टक्के शुल्क ठेवूनच. सप्टेंबरात २० टक्क्यांवर आणलं, ते २०२५ च्या १ एप्रिलपासून काढायचं ठरलं. या सगळ्यात तात्यांचं नि त्यांच्या वाटेकऱ्याचं दोघांचं मिळून किती गेलं? ६३ हजाराच्या कितीतरी पट. त्याचा वाटा मागायला कोणाकडे जाणार?

दादा_येवलेकर

+१ काका. पण पाडवा येत्या रविवारी आहे, तोवर दिल्लीचं काही ठरणार नाही. धागाकर्त्याला रविवारी काय बोलायचं ते सांगा.

ब्लूमिंग्टनवासी

मूळचा सटाण्याचा, गेली अकरा वर्षं इलिनॉयमध्ये. इथं विम्याच्या आयटीत मराठी माणूस पोत्यानं सापडतो. ही मॅक्लीन काउंटी, चहूकडे मका नि सोयाबीन. अमेरिकेत मका पिकवण्यात ही काउंटी पहिल्या काहींत. म्हणून हा धागा जरा जास्तच जवळचा.

इथंही मालक एक आणि कसणारा दुसरा, हे सर्रास. मालक शिकागोत राहणारी म्हातारी आजी, कसणारा गावातला. सरकारी मदतीच्या मुख्य योजना दोन, एआरसी आणि पीएलसी, २०१४ च्या फार्म बिलातून आलेल्या. भाव ठरलेल्या पातळीखाली गेला, किंवा काउंटीचं सरासरी उत्पन्न घसरलं, तर फरकातला काही भाग मिळतो. आणि नियम असा की पिकाची जोखीम ज्याची, पैसा त्याचा. रोख खंडानं घेतली असेल तर सगळे कसणाऱ्याला. वाट्यानं असेल तर दोघांना, वाट्याच्या प्रमाणात. तुमचा वाद इथं कागदावर तरी मिटलेला आहे.

'कागदावर तरी' मुद्दाम म्हटलं. शेजारी एक म्हातारा शेतकरी आहे, बाराशे एकर करतो, त्यातली स्वतःची तीनशे. त्याला हे विचारलं तर हसला. म्हणे, चेक माझ्या नावानं येतो खरा, पण मालकिणीला तो दिसतो आणि पुढच्या साली खंड वाढतो.

दिसतो म्हणजे अक्षरशः दिसतो. एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप नावाची संस्था कोणत्या काउंटीत कोणाला किती सरकारी पैसे मिळाले ते नावानिशी संकेतस्थळावर टाकते.

काकांच्या मुद्द्यालाही जोड देतो. २०१८ मध्ये चीनशी व्यापारयुद्ध पेटलं, चीननं अमेरिकी सोयाबीनवर कर लावला, इथं भाव कोसळले. मग सरकारनं त्या वर्षी १२ आणि पुढच्या वर्षी १६ अब्ज डॉलरपर्यंतची मदत जाहीर केली. आधी दार लावायचं, मग खिडकीतून पैसे टाकायचे.

बांध_कोरणारा

नावानिशी यादी? पीएम किसानचीही गाववार यादी पोर्टलवर आहे की. पण आमच्या गावात ती कोणी उघडत नाही. पारावर बसलं की हप्ता पडायच्या आधी कळतं कोणाचा अडकणार.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या यवतमाळकडे वाटा कमी, मक्ता जास्त. एकरी ठरलेला पैसा पेरणीच्या आंधी मालकाच्या हातात ठेवा लागते. मंग कापूस पिको का बोंडअळीनं जावो, मालकाले काई घेनंदेनं नाई. मालक नागपूरले राह्यते, पीएम किसान त्याच्या खात्यात.

२८ फेब्रुवारी २०२४ ले आमच्या यवतमाळातच मोठा कार्यक्रम झाला, १६ वा हप्ता. गावातून गाड्या भरून लोकं नेले. मांडवात मक्तेवाले बसले होते, पैसे पडले मालकाच्या खात्यात. मी बी होतो मांडवात. जेवन चांगलं होतं.

पीकविम्यात मक्तेदाराले भाग घेता येते म्हनतात. येते, पन नोंदणीकृत भाडेकरार लागते. कराराचं नाव काढलं का पुढच्या साली जमीन दुसऱ्याले. एवढा भेव आहे मालक लोकाइले कुळाचा.

निवृत्त_भाऊसाहेब

ही कुळाची भीती जरा समजून घ्या. आपल्याकडचा कुळकायदा १९४८ चा, १ एप्रिल १९५७ ला कुळांना मालक मानलं गेलं. कसेल त्याची जमीन. त्यात खऱ्या कुळांना न्याय मिळाला, हे मान्य करूया, दादांच्या आजोबांची क्षमा मागून. पण तेव्हापासून प्रत्येक मालकाच्या डोक्यात एकच : लिहून द्यायचं नाही. त्यामुळे आजचा कसणारा कागदावर उरलाच नाही. आणि जो कागदावर नाही त्याला मदत कशी पोचवायची हे कुठल्याही सरकारला जमलेलं नाही. आंध्रात २०१९ ला कायदा करून कसणाऱ्याला ११ महिन्यांचं कार्ड द्यायचं ठरवलं, मालकी हक्काला धक्का नाही अशी हमी देऊन. पण कार्डासाठी सही मालकाचीच लागते. पुढचं तुम्हीच ओळखा.

सासरची_शेती

म्हणजे चावी पुन्हा त्याच पेटीत.

दादा_येवलेकर

क्षमा मंजूर. पण भाऊसाहेब, आजोबांच्या त्या कुळाचा नातू आज स्वतः जमीन वाट्यानं देतो, आणि तोही कागद करत नाही, बरं का.

काळी_माती

मी निफाडचाच, आमच्या दोन एकर वाट्यानं आहेत. आमच्याकडची रीत विचारली म्हणून सांगतो. जे क्विंटलवर येतं ते वाट्यात, जे सातबाऱ्यावर येतं ते मालकाचं. कांद्याचं अनुदान २०१८ लाही आलं होतं, क्विंटलला २०० रुपये, तेव्हाही निम्मं दिलं. गारपिटीची भरपाई येते ती हेक्टरी, पण पीक दोघांचं झोपलेलं असतं म्हणून तीही निम्मी. पीएम किसान देत नाही, पण त्यातून पहिली खताची खेप मी आणतो आणि ती हिशोबात धरत नाही. ठिबक बदललं तेव्हा अल्पभूधारक म्हणून ८० टक्के अनुदान मिळालं, ते वाट्यात कसं धरणार? नळ्या जमिनीत राहणार. वरचे २० टक्के पण माझेच.

निफाडची_लेक

हे बेस्ट. 'क्विंटलवर येतं ते वाट्यात.' धागाकर्ते, घ्या आणि तात्यांना वाचून दाखवा.

दादा_येवलेकर

गारपिटीचं नि कांद्याचं पटलं. मान्य, मी आधी जरा ताणलं. पण कागद करू नका यावर मी ठाम.

पुण्याचा_ग्राहक

शेतकरी मंडळींना सगळंच फुकट लागतं असं नाही का वाटत? आम्ही कर भरतो…

बांध_कोरणारा

आले. काका, ५१२ किलो कांदा सोलापूरच्या बाजारात नेऊन हातात २ रुपयांचा चेक पडलेला शेतकरी याच फेब्रुवारी २०२३ मधला. त्या दोन रुपयांतला एक वाटेकऱ्याला द्यावा का, एवढाच प्रश्न चाललाय. बसा, शेंगा घ्या.

वऱ्हाडी_ठेचा

धागाकर्ते भाऊ, तुमचा वाटेकरी सुरगान्याचा म्हनता. त्याचा वनपट्टा (वनहक्काची जमीन) आहे का तिकडे? वनपट्टेवाल्याइले पीएम किसान भेटते. त्याचं स्वतःचं सुरू असन तर तुमच्या १२ हजारात हात घालायचं कारन नाई. नसन तर ते काढून द्या ना त्याले. तुम्ही पुन्यात कम्प्युटरवाले.

मधल्या_आळीचा

आठ दिवसांनी येतोय, माफ करा. पाडव्याला गावी होतो. सगळ्यांचे प्रतिसाद आईला वाचून दाखवले. तात्या ओसरीवर होते, ऐकत नसल्यासारखे ऐकत होते. ब्लूमिंग्टनवाल्यांच्या शेजाऱ्याचं आलं तेव्हा आतून आवाज : "तिकडंही मालक खंड वाढवतोच ना? मग?"

हिशोबाला बसलो. काळी_माती यांचं 'क्विंटलवर येतं ते वाट्यात' मी माझंच वाक्य म्हणून टाकलं (क्षमस्व). तात्या गप्प. मग आईनं एक गोष्ट काढली जी मला माहीतच नव्हती.

२०२३ च्या मार्चमध्ये, ऐन कांदा काढणीत, वाटेकरी चार-पाच दिवस नव्हता. दिंडोरीहून मुंबईकडे निघालेल्या लाँग मार्चमध्ये गेला होता, वनजमिनीच्या मागणीसाठी. तात्यांनी तेव्हा त्याला सगळ्या मळ्यादेखत झापलं होतं, चार मजूर लावावे लागले म्हणून. त्या मोर्चाच्या मागण्यांत कांद्याचं अनुदानही होतं. सरकारनं आधी ३०० जाहीर केले होते, मोर्चेकऱ्यांशी बोलणी झाल्यावर ३५० केले. मोर्चा वाशिंदहून माघारी फिरला, तेव्हा हा परत आला नि दुसऱ्या दिवशी गोण्या भरायला उभा राहिला.

मी फोनवर हिशोब केला. १८० क्विंटलला वरचे ५० म्हणजे ९ हजार. तो चालत गेला म्हणून आमच्या खात्यात आलेले, आणि आम्ही त्याचे त्या दिवसांचे मजूर वाट्यातून कापले होते.

तात्या उठून आत गेले. आम्हाला वाटलं रागावले. पासबुक घेऊन आले. ठरलं असं : २० हजार लगेच, उरलेले साडेअकरा उन्हाळ कांद्याच्या पहिल्या पट्टीला. मजुरांचे कापलेले मी माझ्याकडून दिले, तात्यांना सांगितलेलं नाही. पीएम किसानवर तात्या हलले नाहीत, "ते माझ्या गोळ्यांचे आहेत." वाटेकरी त्यावर काही बोलला नाही, हसला फक्त. कागद केला नाही, दादा.

वनपट्टा त्याच्या वडिलांच्या नावावर आहे, ते वारले. वारसनोंद राहिलीय. भाऊसाहेब, त्याला काय काय लागेल?

निवृत्त_भाऊसाहेब

मृत्यूचा दाखला, वारसांची यादी, पट्ट्याची प्रत, सगळ्यांचे आधार. भावंडं किती ते आधी विचारा, घोडं तिथंच अडतं. आणि मागे लागून फार्मर आयडी पण काढून घ्या, कृषी खात्याच्या योजनांना तो २०२५ पासून सक्तीचा आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

निफाडची_लेक

मजुरांचे कापले होते हे पहिल्या पोस्टमध्ये का नाही लिहिलं?

मधल्या_आळीचा

माहीत नव्हतं. आणि असतं तरी बहुतेक लिहिलं नसतं.

सासरची_शेती

तात्यांना नमस्कार सांगा. आईंना दोन सांगा.

बांध_कोरणारा

शेंगा संपल्या. पिंपळगावला आज उन्हाळ कांदा काय निघाला, कोणी गेलं होतं का?